सपाता

गेल्या हिवाळ्यात ती पोरं आली होती अँटेना बसवायला,
जाडजूड बूट घालून.
ज्या वाटेनं चढली त्याच वाटेनं उतरली.
एकतीस पाट्या.
मी खालून मोजल्या, दुर्बिणीतून,
मग पोटमाळ्यावर जाऊन
उजेडाच्या भोकांवरून पुन्हा मोजल्या.
एकतीसच.

ओरट्रूनबाईंच्या पलंगाशेजारी तसराळं.
टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.
"पाऊस नाही हो हा," त्या म्हणाल्या, "वितळणारं बर्फ.
पावसाला निदान येताना आवाज असतो."

थुरिंगियाच्या या डोंगरात पाटीचाच दगड,
छपरावर, भिंतींवरसुद्धा,
निळसर काळा, माशाच्या खवल्यांसारखा.
याच दगडावर इथल्या पोरांनी अक्षरं गिरवली,
थुंकीनं पुसली, पुन्हा गिरवली.
शंभर वर्षं वारा झेलतो
आणि एका टाचेपुढे हरतो.

हिलमार, माझा उस्ताद, आता चढत नाही.
गुडघे गेले.
खाली उभा राहून दोर धरतो आणि बडबडतो:
"छपरावर चालायचं नसतं, सिल्के.
वजन वाटायचं असतं, वारसांत जमीन वाटतात तसं.
कुणाच्याच वाट्याला फार येता कामा नये."

म्हणून शिडी.
चाकांवर ढकलत न्यायची, वर पोचली की उलटी करायची,
मग तिचा आकडा आढ्यापलीकडे बसतो,
मांजरानं कुंपणावरून पंजा टाकावा तसा.
पट्टा कमरेला, मांड्यांना. दोर कडीत.
कडी कुठल्या हुकाला, यावर आमचं भांडण:
जुन्या लोखंडी हुकावर त्याचा भरवसा,
माझा वाशाला ठोकलेल्या नव्यावर.
भांडतो, आणि नव्याला बांधतो.

आणि शिडीखाली उशा.
गाडी उघडली, तर उशा नाहीत.
चारही मी विसरले होते
चाळीस किलोमीटर मागे, एका चर्चच्या छपरावर.
हिलमार काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मला पाठ आहे.

खिडकीतून ऐकत असाव्यात बाई.
आत गेल्या, आणि सपाता घेऊन आल्या, दोन जोड,
जाड लोकरीच्या, पुरुषी मापाच्या.
एक झिजलेला. दुसरा नवाकोरा,
"नाताळात दिला होता वीलांडला, तो घालायच्या आधीच—"
वाक्य तिथंच ठेवून त्यांनी कात्री घेतली
आणि टाचा स्वतःच कापल्या.
"स्टुलावर चढला तरी चक्कर यायची त्याला.
बल्ब मीच बदलायचे."

चार सपाता, पालथ्या, सुतळीनं बांधलेल्या.
शिडी वर गेली
आणि एकही पाटी कुरकुरली नाही.

लांब चपटं पातं पाटीखाली सरकवायचं,
अंधारात खिळा चाचपायचा, अडकवायचा, ओढायचा.
डोळ्यांचं काम नाही हे. मनगटाचं.
फुटकी बाहेर, नवी आत,
खाली तांब्याची पट्टी, टोक दुमडून,
पाळण्यातल्या पोराला दुपट्यानं अडवावं तशी.
दहा. सतरा. जेवण, पाव आणि मुळा, शिडीवरच.
अठरा.

बत्तिसावी माझ्या हातून.
हातोडा निसटला.
हिलमारनं वर पाहिलंसुद्धा नाही.
"झाली," म्हणाला, "तुझीही एक झाली."
तीही बदलली.

संध्याकाळी सुतळ्या सोडल्या.
बाई म्हणाल्या, तीन ठेवा तुमच्याकडे, पुढच्या घराला होतील.
झिजलेल्यांपैकी एक त्यांनी उचलली,
तळवा उलटा करून पाहिला:
निळी भुकटी, लोकरीत भरलेली.
"फिरून आला म्हणायचा," म्हणाल्या.

तसराळं मात्र हलवलं नाही.
हिलमारनं विचारलं, का?
"तुमच्यावर विश्वास आहे हो.
पण आजची रात्र ऐकून बघते."